आजींच्या तीन पायऱ्या, पोस्टकार्डावर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री आमच्या गल्लीत पाणी शिरलं. ढगफुटी वगैरे काही नव्हती, तासभर धो धो पडला आणि थांबला, नागपुरात असा पाऊस दरवर्षी येतो. पण एप्रिल-मेमध्ये गल्लीत सिमेंट रोड झाला आणि तो जुन्या डांबराच्या डोक्यावरच चढवला, त्यामुळे आता रोड वर आणि घरं खाली अशी गत झालेली. सकाळी मी दुकानात जायला निघाले तर कोपऱ्यावरच्या आजी दारात खराटा घेऊन पाणी लोटून राहिल्या होत्या. मी गाडी थांबवली, म्हटलं आजी, किती आलं? त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या,

"पहिले पाहुणे पायऱ्या चढून येत होते, आता पाणी पायरी उतरून येते."

बस. एवढं बोलून परत खराटा हातात घेतला.

मी इतवारीत, नागपूरच्या जुन्या बाजारात, डीटीपीचं म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम करते. दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. म्हणजे माझा सगळा दिवस दुसऱ्याची वाक्यं कागदावर बसवण्यात जातो, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत एवढं नेटकं वाक्य माझ्या टेबलावर आलं नव्हतं. दुपारी एका पत्रिकेचं प्रूफ वाचता वाचता त्याच्या पाठीमागे मी पेन्सिलने आजींचं वाक्य लिहून ठेवलं आणि शेजारी एक दार काढलं. तेव्हाच ठरलं की याचं छोटं चित्र करायचं, पोस्टकार्डाएवढं, चौदा सेंटीमीटर बाय नऊ, कोणाच्याही खिशात मावेल आणि ज्याला पाठवायचं त्याला पाठवता येईल असं.

ते चित्र व्हायला नऊ दिवस लागले. गल्लीतल्या दोन-तीन पोरींनी विचारलं की ताई, असं चित्र कसं सुचतं, आम्हाला पण आमच्या कॉलेजच्या प्रश्नावर काढायचंय, म्हणून ते नऊ दिवस जसे गेले तसे इथे लिहून काढते.

आधी फोटो का नाही ते सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो, मोबाइल आहे की हातात. फोटो काढले ना मी, वीसेक काढले. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, तेव्हाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, वाहून गेलेल्या गाड्या, बोटीत बसवून काढलेली माणसं, ते फोटो बघताच कळतं काय झालं. आमच्या गल्लीतलं पाणी चार इंच. फोटोत ते नुसती ओली फरशी दिसते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे खरा प्रश्न पाण्यात नाहीच, तो रोडच्या खाली गाडला गेलाय, आजींच्या तीन पायऱ्या तिथे सिमेंटखाली आहेत आणि जमिनीच्या आतला फोटो कोणाच्या मोबाइलने निघत नाही. पेन्सिल मात्र तिथे जाऊ शकते.

चित्र आणि शब्द एकत्र येऊन भांडतात कसे, हे मी पहिल्यांदा मारबतीच्या मिरवणुकीत पाहिलं. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत असे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे निघतात, सव्वाशे वर्षांच्या वरची परंपरा आहे ही, आणि त्यांच्यासोबत निघतात बडगे. बांबू, कागद, चिंध्या, गवत, हाताला लागेल त्याचे केलेले मोठाले पुतळे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात किंवा पोटावर एक पाटी. महागाईचा बडग्या, डेंग्यूचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांना जे छळतंय त्याचा बडग्या. सगळी इतवारी ओरडते, घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी सगळं जाळतात. बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. मला आठवतं, ज्या बडग्याच्या पाटीवर निबंध लिहिलेला असायचा त्याच्याकडे लोक एक नजर टाकून पुढे बघायचे, आणि ज्याच्या पाटीवर दोन-तीन शब्द आणि पुतळा मात्र भन्नाट, त्याच्यापुढे गर्दी जागची हलायची नाही, लोक एकमेकांना कोपराने ढोसून दाखवायचे. पाटी पुतळ्याचं नाव सांगत नसायची, पुतळ्याला जे तोंडाने बोलता येत नाही ते बोलायची. तेव्हा हे असं शब्दात कळत नव्हतं, पण डोळ्यांत बसलं ते बसलंच.

तर पहिल्या रात्री मी जे काढलं ते म्हणजे आजी दारात, घरात गुडघाभर पाणी, आजींच्या डोळ्यांत पाणी, आणि खाली आजींचं वाक्य. सकाळी उठून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. एक तर ते खोटं होतं. आजी रडत नव्हत्या, त्या खराटा मारत होत्या. आणि पाणी गुडघाभर नव्हतं, चार इंच होतं, म्हणजे मी चित्रासाठी पाणी वाढवलं होतं, आणि एकदा असं वाढवलं की ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला आयतं कारण मिळतं, तो म्हणणार गुडघाभर कुठे होतं, चला दाखवा.

दुसऱ्या रात्री एक ढेरपोट्या ठेकेदार, हातात नोटांची थैली, रोडवर उभा. हे तर मी फाडूनच टाकलं. हा ढेरपोट्या माणूस आपण लहानपणापासून हजार वेळा पाहिलाय, त्याला पाहून कोणाला राग येत नाही, उलट एक प्रकारचं समाधान वाटतं की चला, वाईट माणूस सापडला, आणि पान उलटतं. शिवाय जाड असणं हा काही गुन्हा नाही, मग मी कोणाच्या पोटावर का चित्र काढू. तिसऱ्यात रोडवर काम करणारे मजूर आले होते, फावडं मारणारे. ते चित्र अर्धं झालं आणि माझा हातच थांबला. मेच्या पंचेचाळीस डिग्रीत आमच्या गल्लीत ज्या बाया डोक्यावर घमेलं घेऊन सिमेंट टाकत होत्या, त्यांना आमच्याच घरच्या माठातलं पाणी प्यायला दिलं होतं मी. त्यांना रोड किती उंच करायचा हे कोणी विचारलं नव्हतं. चित्रात माणूस आला की बघणारा त्यालाच दोषी धरतो, त्यामुळे कोणाला चौकटीत उभं करायचं हे फार जपून ठरवावं लागतं, निदान मला तरी असंच वाटतं आणि या बाबतीत मी हट्टी आहे.

चौथ्यात मी नावं लिहायला लागले. रोडवर 'विकास', पाण्यावर 'दुर्लक्ष', आजींच्या पदरावर 'सामान्य जनता'. खूप जण असं काढतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, पण माझ्या लक्षात आलं की ज्या वस्तूला नावाची चिठ्ठी लावावी लागते ती वस्तू मला नीट काढता आलेली नाही. रोड रोडसारखा दिसला तर पुरे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा तो चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन आठवा, १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियामध्ये होता, त्याच्या कोटावर कधी 'जनता' असं लिहिलेलं नव्हतं, आणि तो बोलायचा पण नाही. बोलायचे ते दुसरेच, मंत्री, अधिकारी, शेजारी, कोणाची तरी बायको. तो नुसता तिथे हजर असायचा आणि त्याच्या हजर असण्यानेच त्या बोलण्याचा अर्थ बदलायचा. दुसरीकडे शि. द. फडणीस यांची हास्यचित्रं बघा, त्यातल्या बहुतेकांत शब्दच नाहीत, एक अक्षर नाही, आणि काही कमी वाटत नाही. म्हणजे शब्द घालायचाच तर त्याने काहीतरी काम केलं पाहिजे, चित्राने आधीच केलेलं काम परत करायला त्याला बोलवायचं नाही.

इथे मी अडकले होते. आजींच्या वाक्यात पाहुणे आहेत, पाणी आहे, पायऱ्या आहेत. आणि मी चित्रात पण पाहुणे, पाणी, पायऱ्या काढत होते. एकच गोष्ट दोनदा सांगणं चाललं होतं.

पाचव्या दिवशी रविवार होता, मी मेजरटेप घेऊन आजींच्या दारात गेले. आजी म्हणाल्या, "काय मोजून राहिली वं?" म्हटलं तुमच्या पायऱ्या शोधतेय. मग त्यांनीच सांगितलं, घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या होत्या, सहा-सहा इंचाच्या, खालची एक पायरी डांबराच्या थरांनी वर्षांवर्षांत गिळली, आणि दोन या उन्हाळ्यात सिमेंटने एकदम. मी मोजलं तर नवा रोड जुन्या डांबरापासून चौदा इंच वर, म्हणजे सहा-सहा इंचाच्या दोन पायऱ्या तर गेल्याच, वर दोन इंच उंबऱ्याच्या पण पुढे. पाणी अडवायला आजींच्या मुलाने दारात विटांचा एक थर लावला होता आणि त्यावरून आत उतरायला लागत होतं, ती आजींची 'पायरी'.

चौदा इंच कसे होतात ते मी एका ओळखीच्या साइट इंजिनिअरला विचारलं, कारण चित्र काढणाऱ्याला हे माहीत पाहिजे. डांबरावर थेट काँक्रीट चढवलं तर त्याला व्हाइट टॉपिंग म्हणतात, आणि ती पद्धत काही चुकीची नाही, नियमावली आहे त्याची. नेहमीच्या प्रकारात काँक्रीटचा थर २०० मिलिमीटर किंवा जास्त, पातळ प्रकारात १०० ते २००, आणि अगदी पातळ प्रकारात ५० ते १००. आता २०० मिलिमीटर म्हणजेच आठ इंच झाले. त्याच्या खाली कोरड्या काँक्रीटचा आणखी एक थर टाकला की झाला फूटभर रोड, आणि जुनं डांबर आधी खरवडून काढलं नाही तर हे सगळं तुमच्या उंबऱ्याच्या हिशोबात वाढतं. रोड चांगला होतो हो, गाडी सुरेख चालते. पण घर काही जॅक लावून वर घेता येत नाही ना, आणि ज्यांना घेता येतं त्यांनी घेतलंय, आमच्याच गल्लीत दोन घरांनी पुढचा भाग पाडून वर बांधला. आजींना ते शक्य नाही.

हे ऐकता ऐकता मी कागदावर थर काढत होते आणि शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं ते चित्र आठवलं, जमिनीचा उभा छेद. वर गवत, मग माती, मग मुरूम, मग खडक. बस, तिथेच चित्र मिळालं. वर आजी दारात उभ्या, हातात खराटा, मोकळा कोरडा रोड. आणि रोडच्या खाली उभा छेद, सिमेंट, कोरडं काँक्रीट, डांबराचे तीन-चार थर, आणि त्या सगळ्यांच्या पोटात दाबलेल्या तीन पायऱ्या, जशाच्या तशा. पाणी काढलंच नाही. एक थेंब पण नाही. पाणी आजींच्या वाक्यात आहे, वाचणारा स्वतः आणेल ते.

आणि मग मला दिसलं की त्या पायऱ्या नुसत्या काढल्या तर सिमेंटचे ठोकळे वाटतात. पायरी म्हणजे काय, तिथे सकाळी सडा पडतो, रांगोळी पडते, दिवाळीत पणती असते, दुपारी कोणीतरी तांदूळ निवडत बसतं. म्हणून मी प्रत्येक गाडलेल्या पायरीवर एक छोटी ठिपक्यांची रांगोळी काढली, सगळ्यात बारीक पेनने. रोडच्या खाली, अंधारात, तीन रांगोळ्या. हे आजी बोलल्या नव्हत्या, हे चित्राने स्वतःच्या पदरचं घातलं. मला वाटतं या अख्ख्या कामात मी खरोखर केलेली गोष्ट एवढीच, बाकी सगळं आजींचं आहे.

दारावर मी 'सुस्वागतम' लिहिलं होतं, आपल्याकडे असतं तसं. चांगलं वाटत होतं, पाण्याला सुस्वागतम, लोक हसले असते. दोन दिवस ठेवलं आणि मग खोडलं. कारण डोळा आधी तिथे जायचा, हसायचा आणि तिथेच थांबायचा, खाली रांगोळ्यांपर्यंत उतरायचाच नाही. एवढ्याशा कागदावर शब्दांच्या दोन जागा झाल्या की दोन्ही एकमेकींचं तोंड बंद करतात.

आता अक्षरांबद्दल, कारण यावर मराठीत फार कोणी लिहीत नाही आणि माझं तर पोटच अक्षरांवर आहे. कॉम्प्युटरवर टाइप करून चित्राखाली चिकटवता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. केलं पण करून बघायला. हाताने काढलेल्या रेषेखाली टाइपाची ओळ अशी दिसते जशी आजी बोलून राहिल्या आणि आवाज मात्र रेल्वे स्टेशनच्या अनाउन्समेंटचा. म्हणून हातानेच लिहायचं ठरलं. आणि देवनागरी हाताने छोट्या जागेत लिहायची म्हणजे इंग्रजीसारखी खाली रेघ मारून त्यावर अक्षरं बसवायची नसतात, आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली असतात, दोरीवर कपडे वाळत घालतो ना तशी. त्यामुळे आधी पेन्सिलने शिरोरेषा मारून घ्यायची, मग अक्षरं लटकवायची. आणि वर वेलांट्या-मात्रांना जागा, खाली उकारांना जागा, म्हणजे एका ओळीला खरं तर तीन मजले लागतात. हे विसरलं की फसलंच.

माझं कुठे फसलं ते दाखवते. दोन ओळी होत्या. वर 'पहिले पाहुणे पायऱ्या चढून येत होते', खाली 'आता पाणी पायरी उतरून येते'. पहिल्या ओळीतल्या 'पाहुणे'च्या हु चा उकार खाली लोंबतो, आणि नेमकी त्याच्याच खाली दुसऱ्या ओळीतल्या 'पाणी'ची वेलांटी वर येते. दोघांची टक्कर. जवळून बघितलं तर उकार आणि वेलांटी मिळून एक गाठ झाली होती, ना इकडची ना तिकडची. दुसरी ओळ चार मिलिमीटर उजवीकडे सरकवून पाहिली, तरी जमेना. शेवटी दोन ओळींमधलं अंतर दीडपट केलं आणि त्यासाठी चित्रातलं आजींचं दार सहा मिलिमीटर छोटं करावं लागलं. शब्दासाठी चित्राने जागा सोडायची आणि चित्रासाठी शब्दाने, एकाच खाटेवर दोघं झोपल्यासारखं आहे हे. म्हणून सांगते, शब्द आधी लिहून घ्या, मोजून घ्या, आणि उरलेल्या जागेत चित्र बसवा. उलटं केलं की शब्द कोपऱ्यात कोंबले जातात आणि शेवटची अक्षरं मुंगीएवढी होतात. बोलण्याचा फुगा असेल तर त्यात पण असंच, आधी वाक्य, मग त्याच्याभोवती फुगा.

आणि तो 'पायऱ्या'तला ऱ्य. त्याची ती बारीक चंद्रकोर झेरॉक्समध्ये उडते आणि मग लोक 'पायया' वाचतात. ती मी मुद्दाम जाड काढली, बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडी जास्तच जाड, मूळ चित्रात ती खटकते पण झेरॉक्समध्ये बरोबर बसते.

कागद-पेनाचं थोडक्यात. कार्ट्रिज पेपर, वॉटरप्रूफ काळ्या शाईचे पेन, बारीक कामाला ०.१, अक्षरांना ०.५, आणि सिमेंटचा थर भरायला दोन नंबरचा ब्रश. मूळ चित्र मी दीडपट मोठं काढलं, एकवीस बाय साडेतेरा, आणि मग छोटं केलं, त्याने हाताचा थरथराट झाकला जातो. पण छोटं करताना रेषा पण बारीक होतात हे लक्षात ठेवायचं, माझ्या पहिल्या रांगोळ्या त्याच्यातच गायब झाल्या. आणि नागपूरवाल्यांना एक गोष्ट खास सांगते, कुलरसमोर बसून शाईचं काम करू नका. पाऊस सुरू झाला तरी उकाडा जात नाही म्हणून आमचा कुलर चालूच होता, त्या ओल्या हवेने कागद सादळतो, मऊ पडतो, आणि ब्रशने शाई लावली की कडेने केसासारखे तंतू फुटतात. एक अख्खं चित्र माझं त्यात गेलं. मग पंखा पण बंद करून, घाम पुसत, रात्री अकरानंतर काम केलं.

कार्टून हा शब्द मुळात जाड कागदावरूनच आलाय बरं का. इटालियनमध्ये कार्तोने म्हणजे जाड कागद, भिंतीवर मोठं चित्र काढायच्या आधी त्यावर कच्चं चित्र करायचे. १८४३ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीतल्या चित्रांसाठी असल्या कच्च्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्या पंच नावाच्या विनोदी साप्ताहिकात जॉन लीच यांनी एक चित्र काढलं, फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं, कोणी कुबड्या घेऊन, प्रदर्शनातली श्रीमंतांची चित्रं बघत उभी आहेत, आणि त्याला नाव दिलं कार्टून नंबर एक. तिथून हा शब्द व्यंगचित्राला चिकटला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की या नावाचं पहिलं चित्र हे पैसा कुठे खर्च होतो आणि कोण उपाशी उभं राहतं याबद्दल होतं. आणि पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. वर्षानुवर्षं पन्नास पैशाला मिळत आलंय. ज्याच्याकडे काही नाही त्याला पण परवडेल असं काहीतरी सरकारला लिहायला हातात असावं, यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगला कागद नाही.

वाक्याबद्दल एक कबुली द्यायची आहे. मी ते मधे सुधारलं होतं. 'पूर्वी पाहुणे पायऱ्या चढून येत असत, आता पाणी पायऱ्या उतरून येतं.' व्याकरणाने स्वच्छ, पुस्तकात शोभेल असं. आणि वाचलं तर त्यात आजीच नव्हत्या. 'पूर्वी' म्हणणारी बाई आमच्या गल्लीत राहत नाही. 'पहिले' आणि 'येते' परत आणलं आणि वाक्य परत उभं राहिलं. आणि 'पायरी' एकच आहे, त्या एकच म्हणाल्या होत्या कारण आता तिथे एकच आहे, ती विटांची. मी अनेकवचन केलं तेव्हा खरी गोष्टच पुसली होती.

मग त्यांना विचारायला गेले. म्हटलं आजी, तुमचं बोलणं चित्रात घेऊ का. म्हणाल्या, "घे ना माय. पण नाव नको टाकू, पोरगा म्हणन आई गावभर सांगत फिरते." नाव टाकलं नाही. दारावरची पाटी कोरी ठेवली, आणि चेहरा पण त्यांचा नाही काढला, फक्त उभं राहण्याची पद्धत त्यांची, खराट्यावर जरा भार देऊन.

नवव्या दिवशी झेरॉक्स काढल्या. ए-फोरवर चार बसतात. जाड कागदावर काढून, कापून, गल्लीतल्या घरोघरी दिल्या, मागची बाजू पत्त्यासाठी आणि स्वतःच्या घराचं माप लिहायला मोकळी. आधी किती पायऱ्या, आता किती, एवढंच लिहा म्हटलं. पुण्यात मंगेश तेंडुलकर दिवाळीत चौकात उभं राहून वाहतुकीच्या नियमांची स्वतः काढलेली भेटकार्डं लोकांच्या हातात द्यायचे, ते माझ्या डोक्यात होतं. एवढा मोठा व्यंगचित्रकार सिग्नलला उभा राहून कार्ड वाटायचा, मग मला पाच-पंचवीस घरं फिरायला काय झालं.

गल्लीच्या ग्रुपवर पण टाकलं आणि तिथे एक गंमत बघायला मिळाली, गंमत म्हणजे शिकण्यासारखी गोष्ट. कोणीतरी खालच्या ओळी कापून नुसतं चित्र पुढे पाठवलं, आणि ते फिरून माझ्याच मावशीकडून मला आलं, विचारत होत्या की हे कुठलं उत्खनन आहे गं, रोडखाली मंदिर सापडलं का. आणि दुसऱ्या कोणी चित्र सोडून नुसतं वाक्य पाठवलं, गुलाबाच्या फोटोवर, सुप्रभात लिहून, आणि त्याखाली लोक लिहीत होते की खरंय, आजकाल पाहुणे येतातच कुठे. दोन्ही अर्धे वेगवेगळे फिरले आणि दोन्हींचा अर्थ हरवला. मला वाईट वाटलं पण आतून एक खात्री पण पटली की जोड बरोबर बसलाय, एकाला दुसऱ्याशिवाय चालता येत नाही.

एका काकांनी लिहिलं की तुम्ही विकासाच्या विरोधात आहात, आधी चिखल होता ते विसरलात का. नाही विसरले काका. त्या चिखलातून शाळेत गेले आहे मी. रोड हवाच आहे, चांगला हवा आहे, फक्त डांबर खरवडून मग टाका आणि कडेने पाणी जायला वाट ठेवा एवढंच म्हणणं आहे, आणि चित्रात रोडच्या विरोधात एक शब्द नाही, परत बघा.

कार्डं पोस्टात पडली, सरकारी पत्त्यावर, एकोणीस घरांनी टाकली. दहा-बारा दिवसांनी दोन माणसं आली, टेप लावून गेली, वहीत काहीतरी लिहून गेली. पुढे काय होतं ते बघू, मी विचारत राहणार आहे. तोवर आजींच्या दारात विटांचा आणखी एक थर चढलाय.

आजींना मी मूळ चित्र दाखवायला नेलं होतं, मोठं, दीडपट साइजचं. त्यांनी चष्मा शोधला, उजेडात धरलं, स्वतःकडे फार पाहिलं नाही, वाक्य तर वाचलंच नाही, बोट सरळ खाली गेलं, सिमेंटच्या खाली, डांबराच्या खाली, पहिल्या पायरीवर.

"ही रांगोळी माझी नाही."

म्हटलं आजी, ती मी मनाने काढली. म्हणाल्या, "मी अशी काढत नव्हती. खालच्या पायरीवर माझी नेहमी सात ते चार राहे, मधात कमळ. वरच्या दोनीवर नुसते स्वस्तिक अन् पावलं, तिथे पाय पडते ना लोकायचा." आणि उठून आत गेल्या, डब्यातली रांगोळी चिमटीत घेऊन आल्या, आणि दारासमोरच्या सिमेंटवर, जिथे चौदा इंच खाली ती पायरी असेल बहुतेक, तिथे बसून ठिपके टाकायला लागल्या. सात, मग दोन्ही बाजूंनी सहा, पाच, चार. मी पेन्सिल काढली, कागद मांडीवर घेतला आणि त्यांच्या बोटांकडे बघत मोजायला लागले. मधेच एक ठिपका वाकडा पडला तर त्यांनी तो तळहाताने पुसला, परत टाकला, आणि मला म्हणाल्या, थांब, घाई नको करू, आता पाकळी येते.